पडल्या पडल्या इम्युनॉलॉजी : भुसावळच्या नवशिक्यांसाठी

थकलेल्यांच्या मंडळात यायचं तर आधी फाइल दाखवा. प्लास्टिकची, बटणाची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. तिच्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, लिव्हर, किडनी, छातीचा एक्स-रे एवढं सगळं हवं, आणि निदान एका डॉक्टरांनी चष्मा काढून म्हटलेलं हवं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." ही अट कुणाला छळायला घातलेली नाही. आपल्याकडे माणूस थकतो त्याची नेहमीची कारणं वेगळी असतात. बायकांत रक्त कमी, कुणाला थायरॉइड, कुणाला न सापडलेली साखर, कुणाला टीबी, सातपुड्याकडच्या पाड्यांवर सिकलसेल, आणि कुणाला नुसतं नैराश्य, जे कधीच 'नुसतं' नसतं. यातलं काही निघालं तर अभिनंदन. तुमच्या दुखण्याचं नाव कळलं, आता डॉक्टरांकडे जा. मंडळ चहा पाजून निरोप देईल.

काहीच निघालं नाही तर पुढची परीक्षा. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ साली ती ठरवून दिली. सहा महिने उलटले तरी पूर्वीची कामं होत नाहीत. रात्रभर झोपून उठलं तरी झोप झाली असं वाटत नाही. आणि जरा जास्त केलं की पुढे त्याची भरपाई करावी लागते. जोडीला डोकं चालेनासं होणं किंवा उभं राहिलं की गरगरणं, यापैकी एक तरी. सगळं जुळलं तर तुम्ही क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे, म्हणजेच एमई/सीएफएसचे उमेदवार. शेजारी याला 'अशक्तपणा' म्हणतील. म्हणू द्या, वाद घालायला ताकद लागते.

पाठ पहिला : नळाला पाणी येतं तो दिवस

भुसावळात पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात कुणालाही आजारी पडायची मुभा नसते. मोटर लावा, पाइपाचं तोंड पिंपात धरा, पिंप भरलं की वरची टाकी, टाकी भरली की हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा. तुम्हीही उठता. मंगळवारी चार हंडे उचलता आणि घरचे एकमेकांकडे बघतात : मनावर घेतलं की होतं की नाही! बुधवारी तुम्ही बरे असता. गुरुवारी पाण्याचा पेला उचलायला हात वर येत नाही, घसा दुखतो, मानेच्या गाठी हुळहुळतात, पंख्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही.

डॉक्टरी भाषेत हे पोस्ट-एक्झर्शनल मलेझ. श्रमानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ते येतं, आणि सगळा घोटाळा या उशिरानं होतो. मंगळवारचे हंडे सगळ्या गल्लीनं पाहिलेले असतात, गुरुवारचा अंधार कुणी पाहत नाही. म्हणून नवशिक्यानं पहिली गोष्ट ही शिकायची, की गुरुवारी पडलो तर कारण मंगळवारात शोधायचं. वहीत लिहून ठेवा. डोक्यावर भरवसा ठेवू नका, तेही आजारीच आहे.

हा पाठ आला नाही तर पुढची सगळी शास्त्रीय चर्चा वाया. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्ण घेऊन पेस नावाची मोठी चाचणी झाली, २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. निष्कर्ष असा, की हळूहळू व्यायाम वाढवत नेला की माणसं सुधारतात. रुग्णांनी वर्षानुवर्षं भांडण मांडलं, आकडे मागवले, ते पुन्हा मांडून दाखवले. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक वेळापत्रकानं वाढवत न्यायचा हा व्यायाम काढून टाकला. तेव्हा पहाटे पाचला दार वाजवून "चल, तापीवर चक्कर मारून येऊ" म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगायचं, की हा प्रयोग झालेला आहे.

पाठ दुसरा : सल्ला देणाऱ्यांचं काय करायचं

सल्ले चार प्रकारचे येतात. पहिला केळ्यांचा. "रोज दोन केये खाय, मंग पाहा." रावेर-यावलच्या केळीपट्ट्याला खेटून राहायचं आणि अशक्त असायचं, हा जिल्ह्याचाच अपमान आहे असं लोकांना वाटतं. केळी खावीत, चांगली लागतात. दुसरा सल्ला सलाईनचा : "एक बाटली लावून घे, तरतरी येईल." याला लगेच हसू नका, सलाईनचा विषय पुढे येणार आहे. तिसरा फिरण्याचा, त्याचा निकाल वर लागला.

चौथा सल्ला कोरोनानंतर बोकाळला. "तुझी इम्युनिटी कमी झालीय, ती वाढव." काढा, च्यवनप्राश, गुळवेलीचा रस, आणि कुणाच्या तरी भाच्याकडे मिळणारी कॅप्सूल. इथे नवशिक्याला पहिल्यांदा तोंड उघडायची परवानगी आहे. सांगायचं, की या आजारात प्रतिकारशक्ती 'कमी' आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. संशयाचा रोख आहे तो ती बिनसल्याचा. गाडी कधीच निघून गेली, तरी फाटक बंदच, आणि गेटमन अजून लाल झेंडी हलवतोय. रस्त्याची दोन्हीकडची वाहतूक तुंबलेली. अशा वेळी गेटमनला आणखी जोर यावा म्हणून काढा पाजणं शहाणपणाचं नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकिगत छापली होती. कोरोनाच्या भीतीनं गुळवेल घेतलेली माणसं, आणि त्यांच्या यकृताला सूज, तीही शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटावी अशा धर्तीची. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मंडळाचं म्हणणं इतकंच, की 'वाढव' म्हणणाऱ्याला आधी 'काय वाढवू?' असं विचारावं.

पाठ तिसरा : बैठकीचे नियम, आणि तीन पेशी

बैठक आडव्यानं भरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की भरतच नाही, कारण उन्हात ज्याचं रक्त पायात उतरतं त्याला उभं करणं हा गुन्हा आहे. वेळ वीस मिनिटं. फोनवर असाल तर आवाजी निरोप दोन मिनिटांच्या आतला. 'कसे आहात' हा प्रश्न बंद. बोलता बोलता शब्द सापडला नाही तर बाकीच्यांनी तो सुचवायचा, आणि त्यांनाही नाही सापडला तर पुढे जायचं. मंडळात निदान एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड असावेत (रेल्वे हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणते, ते स्वतः म्हणत नाहीत), कारण त्यांना घड्याळ कळतं आणि नोंदी ठेवायची सवय असते.

पेशी तीनच शिका. नॅचरल किलर पेशी : विषाणू शिरलेल्या पेशींना संपवणाऱ्या. बऱ्याच अभ्यासांत रुग्णांच्या या पेशी मंद सापडल्या, सगळ्या अभ्यासांत नाही. बी पेशी : यांच्यापासून प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी बनतात. आणि टी पेशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अवघे सतरा रुग्ण आत-बाहेर तपासून २०२४ साली निष्कर्ष छापले, त्यात टी पेशी दीर्घकाळ झुंजून थकल्याच्या खुणा दिसतात असं म्हटलंय. पेशी थकली तर तिला कुणी 'मनावर घे' म्हणत नाही, हे मंडळाच्या लक्षात आलेलं आहे. त्याच लेखात रुग्ण श्रमाचा पर्याय टाळतात अशा अर्थाचंही एक प्रकरण होतं, त्यावर जगभरचे रुग्ण खवळले. आपणही खवळायचं, पण पडून.

सायटोकाइन हा शब्दही लागेल. पेशींनी एकमेकींना पाठवायचे रासायनिक निरोप. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाला २०१५ साली असं दिसलं, की आजाराच्या पहिल्या तीन वर्षांत यातले बरेच निरोप चढलेले असतात, नंतर तसे राहत नाहीत. म्हणून नव्या आणि जुन्या रुग्णांचं रक्त एकाच टोपलीत घालून सरासरी काढली तर हाती काही लागत नाही. मंडळातले दहा वर्षांचे जुने सभासद हे ऐकून जरा दुखावतात. आपली आग विझून नुसती राख उरली, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगावं, निष्कर्ष एका अभ्यासाचा आहे.

पाठ चौथा : आशा धरण्याची रीत

हा पाठ सावकाश वाचा. लागलं तर दोन दिवसांत वाचा.

ऑक्टोबर २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बातमी आली : एमई/सीएफएसच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला. उंदरांच्या विषाणूच्या नात्यातला. जगभर रुग्णांनी आनंदाश्रू ढाळले. वेड लागलेलं नव्हतं, विषाणू होता! काहींनी एचआयव्हीची औषधंसुद्धा सुरू केली. मग एकेका प्रयोगशाळेला तो विषाणू सापडेना. कळलं ते असं, की तो रुग्णांत नव्हता, प्रयोगशाळेतल्या सामानात होता. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'नं लेख मागे घेतला.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये दुसरी गोष्ट सुरू होती. तिथल्या कर्करोगाच्या डॉक्टरांच्या, फ्लुगे आणि मेला यांच्या, एका रुग्णाला लिम्फोमा होता आणि हा थकव्याचा आजारही. लिम्फोमासाठी केमो दिली आणि थकवा उतरला. डॉक्टर चक्रावले. बी पेशी नष्ट करणारं रिटुक्सिमॅब हे औषध त्यांनी तीस जणांच्या चाचणीत आजमावलं : पंधरांना औषध, पंधरांना खोटं औषध. औषधवाल्यांतले दहा सुधारले, दुसऱ्या बाजूचे दोन. २०११ साली हे छापून आलं आणि मंडळामंडळांत पेढे वाटायचेच बाकी राहिले. बी पेशी! प्रतिपिंडं! आपला आजार म्हणजे शरीराचं शरीराशी भांडण!

मग त्याच डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मोठी चाचणी केली, १५१ रुग्णांची. कुणाला काय दिलं हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. २०१९ साली निकाल लागला. औषध घेतलेल्यांपैकी २६ टक्के सुधारले. खोटं औषध घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. आणि ते खोटं औषध काय होतं? सलाईन, थोडं अल्ब्युमिन घातलेलं.

आता समोरच्या काकूंना बोलवा. त्या गेली कित्येक वर्षं म्हणताहेत, "एक बाटली लावून घे." रिटुक्सिमॅबला हरवणारी बाटली! पण काकूंना हेही समजावून द्या, की सलाईननं कुणी बरं केलं असं यातून निघत नाही. हा आजार आपोआप वरखाली होतो, आशेनं माणूस काही दिवस हलका होतो, डॉक्टर चौकशी करतात त्यानंही बरं वाटतं. भुसावळच्या कुठल्याही दवाखान्यात बाटली लावलेल्या शंभरातले तीसएक जण "फरक पडला" म्हणून घरी जात असतील, तर त्याचं श्रेय बाटलीला देण्याआधी विचारायचं : बाटली न लावलेले किती सुधारले? हा प्रश्न ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी आठवतो, तो नवशिका राहिला नाही.

परीक्षा लगेच घेऊ. २०२५ साली त्याच बर्गेनच्या गटानं डाराट्युमुमॅब नावाच्या औषधाची छोटी चाचणी छापली. दहा बायकांना औषध दिलं, सहा जणी चांगल्या सुधारल्या. तर्कही बरा आहे. रिटुक्सिमॅब बी पेशी मारतं, पण त्यांच्यापासून तयार होऊन हाडाच्या मगजात ठाण मांडून बसलेल्या प्लाझ्मा पेशींना ते हात लावत नाही. प्रतिपिंडं तर त्याच गाळतात, आणि नवं औषध त्यांच्यावरच चालून जातं. सांगा, काय म्हणाल? "आपल्याकडं कधी मिळंल?" म्हणालात तर नापास. "दुसऱ्या बाजूला कोण होतं?" म्हणालात तर पास. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

तरीही सभासदांच्या डोळ्यांत चमक येते. येऊ द्यावी. मंडळानं चमकेवर बंदी घातलेली नाही, फक्त औषध मागवण्यावर घातली आहे.

पाठ पाचवा : इतिहास, पाच मिनिटांत

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ च्या जुलैत कर्मचारी धडाधड आजारी पडले. २९२ जण, बहुतेक नर्स आणि डॉक्टर. दाखल असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम बारा. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले आणि सांगितलं, हा सामूहिक हिस्टेरिया होता; एक कारण म्हणे, आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या. एकाही रुग्णाला त्यांनी भेटून विचारलं नव्हतं. संपला पाठ. राग आला असेल तर पाणी प्या, त्यावर ताकद घालवू नका.

पाठ सहावा : गोव्याचा अभ्यास, आणि तो कुणावर फेकून मारू नये याविषयी

मराठी मुलखाच्या जवळचा, आणि जगात दखल घेतलेला अभ्यास गोव्याचा आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या अडीच हजारांच्या आसपास बायकांना विचारलं, रक्त तपासलं, आणि २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं. दर शंभरांत बारा जणी सहा महिन्यांहून जास्त थकलेल्या होत्या. आणि या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, घरात शब्दाला किंमत नसण्याशी, उदास मनाशी.

मंडळात हा अभ्यास निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बघा, शेवटी मनावरच आलं. दुसरा म्हणतो, हा अभ्यास आमच्या विरोधातला, नकोच. दोघांनाही खाली बसवा, म्हणजे आधीच पडलेले असतील तर गप्प करा. त्या बायकांना 'थकवा' विचारला होता, आपल्या आजाराची ती गुरुवारची परीक्षा घेतली नव्हती. त्या बारा जणींत आपल्यासारख्या किती, ते त्यातून सांगता येत नाही. पण दुसऱ्याच्या शेतात केळीचे घड वाहणारी बाई दारात टेकून "लई थकवा येतो व माय" म्हणते, तेव्हा तिच्या हातावर लोहाच्या गोळ्यांची पट्टी ठेवून विषय मिटवणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. आपल्याला निदान पडायला खाट आहे.

पाठ सातवा : थुंकी

ब्रिटनमध्ये डीकोड-एमई नावाच्या उपक्रमात रुग्णांनी घरबसल्या नळीत थुंकून ती टपालानं पाठवली. एडिंबरा विद्यापीठाच्या गटानं पंधरा हजारांवर रुग्णांची जनुकं तपासली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, जनुकांचे आठ पट्टे रुग्णांत वेगळे दिसतात. त्यांच्या आसपासची काही जनुकं प्रतिकारयंत्रणेची आहेत, काही मज्जासंस्थेची. उपचार त्यातून लगेच निघत नाही. आणि तपासलेले सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे होते. मंडळातला एखादा सभासद इथे विचारतोच, "आपली थुंकी कुनी मागितली का, भो?" थुंकीचा तुटवडा भुसावळात नाही, स्टेशनच्या जिन्याची कुठलीही भिंत साक्ष देईल. नळी घेऊन येणारं कुणी नाही.

शेवटचा पाठ : डबो

नळी आली नाही तरी वही आपली आपल्याला घालता येते, म्हणून हे गाव माहीत असू द्या. डबो, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये, समुद्रापासून दूर, आपल्या भुसावळाहूनही लहान. तिथे तापाचे रुग्ण ताप आल्यापासूनच नोंदवून घेतले. २५३ जण, तीन वेगवेगळ्या संसर्गांचे, त्यातला एक रॉस रिव्हर विषाणू, चिकुनगुन्याचा चुलत भाऊ. सहा महिन्यांनी पाहिलं तर दर शंभरांत अकरा-बारा जण उठलेलेच नव्हते. २००६ साली छापलेल्या या अभ्यासात असं दिसलं, की कोण उठणार नाही हे त्याच्या आधीच्या स्वभावावरून सांगता येत नव्हतं, ताप किती जोराचा होता त्यावरून येत होतं. संसर्ग कोणता, यानंही फारसा फरक पडला नाही.

त्याच २००६ साली चिकुनगुन्या महाराष्ट्रात घरोघर फिरत होता. तो आपल्याला नवा नव्हता. १९७३ साली बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती. त्यानंतर डेंग्यू, मग कोरोना. सांधे धरून भिंतीच्या आधारानं चालणारी माणसं प्रत्येक गल्लीत होती. त्यातली सहा महिन्यांनी किती उठली नाहीत, याची वही आपल्या गल्लीत कुणी घातली नाही.

तर सभासदांनी पुढच्या पावसाळ्याआधी करायचं काम असं. निवृत्त गार्डकाकांना एक जाड वही आणून द्या. आयुष्यभर गाडी किती मिनिटं कुठे थांबली हे जर्नलात लिहिलेला माणूस आहे, रकाने तेच आखतील. ताप कधी आला, किती दिवस होता, रक्तात काय निघालं, महिन्यानं काय, तीन महिन्यांनी काय, सहा महिन्यांनी काय. नाव लिहायचं नाही, नंबर द्यायचा. विचारायचं त्याला आधी परवानगी मागायची. सहा महिन्यांनी जो उठला नाही त्याला फाइल घेऊन चांगल्या डॉक्टरांकडे पाठवायचं, काढा देणाऱ्या भाच्याकडे नव्हे. वही भरली की जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेऊन दाखवायची, आणि ते काम ज्याचा गुरुवार बरा गेला असेल त्यानं करायचं.

शेवटचा रकाना 'शेरा' असावा की 'आशा', यावर बैठकीत वाद झाला तर गार्डकाकांचा निर्णय अंतिम. ते 'शेरा' लिहितील. वीस मिनिटं झाली.